केमोच्या २१ दिवसांत किराणा, बाजार आणि स्वयंपाक कसा बसवावा?

कपाशीवाला, आर्वी तालुका (जि. वर्धा)

सर्वांना नमस्कार. माझ्या पत्नीला, वय ४६, जानेवारीत स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली आणि मार्चपासून नागपूरला केमो सुरू आहे. दर २१ दिवसांनी एक असे लाल औषधाचे चार डोस आणि त्यानंतर दर आठवड्याला एक असे दुसऱ्या औषधाचे बारा डोस, असा कार्यक्रम कागदावर लिहून दिला आहे. लाल औषधाचे दोन डोस झाले असून तिसरा येत्या बुधवारी आहे.

उपचाराबद्दल माझी काही शंका नाही. माझा प्रश्न स्वयंपाकघराचा आहे, आणि तो विचारताना थोडा संकोच वाटतो, कारण पंचवीस वर्षांच्या संसारात मी चहापलीकडे चुलीवर काही ठेवलेले नाही. आता ७४ वर्षांची आई आणि मी मिळून पाच जणांचे रांधतो. किराणा महिन्यातून एकदा भरायचा आणि भाजीपाला शनिवारच्या आठवडी बाजारातून आणायचा ही आमच्या घराची वर्षानुवर्षांची रीत आहे, परंतु केमोशी ती जुळत नाही. पहिल्या डोसच्या आधीच्या शनिवारी मी उत्साहाने पालक, मेथी, भेदरं (टोमॅटो), सफरचंदे आणि अर्धा किलो पनीर असे भरभरून आणले. ते सारे पडून राहिले, कारण फोडणीचा वास नाकात गेला तरी तिला मळमळत असे. त्या नुकसानीची धास्ती घेऊन पुढचा बाजार मी केलाच नाही, आणि नेमके पंधराव्या दिवशी तिने आपण होऊन पालकाचे गरगट मागितले, तेव्हा घरात आलू आणि कांदे यांखेरीज काही नव्हते. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटले.

शस्त्रक्रियेनंतर तिचे वजन ५२ किलो होते, ते आता ४८.५ किलो आहे. हे वजन मी घरच्या कापूस मोजायच्या काट्यावर करतो, तेव्हा थोडे पुढेमागे असू शकेल.

रुग्णालयातून आहाराचा एक छापील कागद मिळाला. त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्हचे तेल आणि किवी लिहिलेले आहेत. आमच्या बाजारात यांपैकी एकही वस्तू मिळत नाही, आणि ज्यांनी कागद दिला त्यांच्यापाशी समजावून सांगायला वेळ नव्हता. शिवाय दुपारी दोन-तीन तास वीज जात असल्याने फ्रिजचा भरवसा नाही. घरात सोयाबीनची सात पोती भावाच्या आशेने थांबवून ठेवली आहेत. ते तिला खायला चालते की नाही, यावर गावात दोन तट आहेत. ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी कृपया सांगावे, की २१ दिवसांत केव्हा काय आणावे आणि केव्हा काय शिजवावे.

निंबोळी, दारव्हा

भाऊ, संकोच कशाचा? तीन वर्षांपूर्वी मी हीच औषधे याच क्रमाने घेतली, तीही उन्हाळ्यात, आणि माझ्या यजमानांची अवस्था तुमच्यासारखीच होती.

पहिली गोष्ट म्हणजे महिन्याचा हिशोब सोडून सायकलचा, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतच्या २१ दिवसांचा, हिशोब धरा. आमच्याकडे किराणा दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर केमोच्या दिवशी लाल शाईने १ लिहून पुढे २१ पर्यंत आकडे टाकले होते, आणि काय आणायचे ते त्या आकड्यांवरून ठरत असे. तुमचा डोस बुधवारी असल्याने बाजाराचे शनिवार चौथ्या, अकराव्या आणि अठराव्या दिवशी येतात. ही मोठी सोय आहे, कारण त्या तिन्ही दिवसांची पोटाची स्थिती अगदी वेगळी असते.

पहिले पाच-सहा दिवस भाजी आणूच नका; घरच्यांना लागेल तेवढीच आणा आणि तीही वहिनींच्या नाकापासून दूर शिजवा. आमच्याकडे गॅस उचलून मागच्या सपरीत नेला होता. गरम अन्नाला वास अधिक येतो, म्हणून मला सगळे कोमट किंवा निवलेले देत असत. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यात मीठ आणि चमचाभर तूप, मूगडाळीची पातळ खिचडी, कोरडे मुरमुरे, टोस्ट, लिंबूपाणी आणि जिभेखाली आल्याचा तुकडा, एवढ्यावर माझे ते दिवस निघाले. एका वेळी वाटीभर जात नसेल तर दर दोन तासांनी चार चमचे द्या, आणि ताटात जास्त वाढू नका. भरलेले ताट पाहूनच माझी इच्छा मरत असे. उलटीची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असेल तर ती वेळ चुकू देऊ नका, कारण उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही.

आणखी एक चूक आमच्याकडून झाली ती सांगते. पहिल्या डोसच्या दिवशी सासूबाईंनी माझ्या आवडीचा म्हणून गोळाभात केला होता. तो खाल्ला आणि दोन तासांत उलटून पडला. आज तीन वर्षे झाली, तरी गोळाभाताचा वास आला की मी अंगणात जाऊन उभी राहते. तेव्हा केमोच्या दिवशी आणि त्यानंतरचे दोन दिवस वहिनींच्या जिवाभावाचा पदार्थ मुळीच करू नका. जो रुसला तरी चालेल असाच पदार्थ द्या.

तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवा. मी औषधाच्या बाटलीसोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या चमच्याने आणि काचेच्या वाटीतून खात असे, आणि त्याने खरोखर फरक पडला.

दुसरा आठवडा सर्वांत जपण्याचा. याच दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि तोंडही याच सुमारास येते. आपल्याकडे तिखटाशिवाय जेवणाला जेवण म्हणत नाहीत, पण त्या आठवड्यात ठेचा, तर्री, लोणचे आणि संत्रेसुद्धा जिभेला विस्तवासारखे लागते. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ टाकून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करायला मला सांगितले होते. अकराव्या दिवसाच्या बाजारातून साल काढून पूर्ण शिजवता येईल असेच आणा, म्हणजे लवकी (दुधी), कोहळे, दोडके, आलू, फळांत केळी. कच्ची कोशिंबीर, बारीक चिरून वर टाकलेला कच्चा सांबार (कोथिंबीर), कच्ची मोड आलेली मटकी आणि बाजारात कापून ठेवलेले टरबूज यांना त्या दिवसांत हात लावू नये.

हे मी अनुभवाने सांगते आहे. दुसऱ्या सायकलच्या अकराव्या दिवशी पुतण्याचे लग्न होते. नुसती अक्षता टाकून परत येते म्हणून गेले आणि आग्रहाला बळी पडून पंगतीत अर्धा पेला मठ्ठा, दोन घास कोशिंबीर आणि टरबुजाची एक फोड खाल्ली. तेराव्या दिवशी रात्री १०१ ताप आला. घरी तापाची गोळी दिली आणि सकाळची वाट पाहिली, ही त्याहून मोठी चूक होती. पाच दिवस सलाइनवर राहावे लागले आणि पुढचा डोस आठवडाभर लांबला. मठ्ठ्यानेच ताप आला असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी सांगितले की पेशी कमी असताना आपल्याच आतड्यातले आणि त्वचेवरचे जंतूही उलटतात. पण लग्नात मी जायला नको होते, एवढे खरे.

तिसऱ्या आठवड्यात भूक परतते, आणि खरे खाणे तेव्हाच होते. पालकाचे गरगट, फोडणीचे वरण, अंडी, पोळीवर तूप, जे मागतील ते लगेच करून द्या. पालक अकराव्या दिवशी आणून पंधराव्यापर्यंत टिकणार नाही, म्हणून तालुक्याला रोज ये-जा करणाऱ्या कोणाला तरी चौदाव्या दिवशी जुडी आणायला सांगून ठेवा. अठराव्या दिवसाचा बाजार मात्र हात राखून करा, कारण त्यातले जे उरेल त्यावर पुढचा डोस येऊन पडणार आहे.

हिरवी वाट, अचलपूर

एक महत्त्वाचा मुद्दा कोणी सांगितलेला दिसत नाही. साखर ही कर्करोगाचे अन्न असल्याने साखर, गूळ आणि गोड फळे पूर्ण बंद करावीत. रोज सकाळी गव्हांकुरांचा ताजा रस आणि गुळवेलीचा काढा द्यावा, म्हणजे पेशी आपोआप वाढतील. आमच्या नात्यात एकांना याचा उत्तम गुण आला आहे. इंग्रजी औषधांसोबत हे घेतल्याने काही अपाय होत नाही.

आहारतज्ज्ञ, नागपूर

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि कर्करुग्णांशी माझा रोजचा संबंध आहे. वरच्या प्रतिसादातील हेतू चांगला असला तरी तो सल्ला कृपया पाळू नये. शरीरातील सगळ्याच पेशी साखर वापरतात. आपण गूळ खाणे सोडल्याने गाठ उपाशी राहते असे होत नाही, उपाशी राहतो तो रुग्ण. मधुमेह असेल, किंवा उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे रक्तातील साखर वाढली असेल, तर गोष्ट निराळी, आणि तिचा निर्णय डॉक्टरांनी करायचा आहे. वजन घटत असलेल्या बाईला तीन घास शिऱ्याचे जात असतील तर ते जाऊ द्यावेत. गुळवेलीने काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवलेले आहे, आणि केमोची बरीच औषधे यकृतातूनच निचरतात. गव्हांकुरांचा रस तर कच्चा असतो. मातीत उगवलेले, न शिजवलेले पाते वाटून पेशी कमी असलेल्या माणसाला पाजणे मला धोक्याचे वाटते. वरणातली हळद वेगळी आणि हळदीच्या गोळ्या वेगळ्या. कोणतीही गोळी, चूर्ण किंवा काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. ५२ किलोंवरून ४८.५ म्हणजे जवळजवळ सात टक्के घट झाली आहे, आणि इतक्या थोड्या आठवड्यांत ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. बुधवारी हे वजन डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कारण औषधाची मात्रादेखील उंची आणि वजन यांवरून काढलेली असते. कापसाचा काटा चालेल. फक्त आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी काही खाण्याआधी वजन करा आणि लिहून ठेवा.

केमो चालू असताना दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने दिवसाला मिळावीत असा आमचा प्रयत्न असतो, म्हणजे वहिनींना ६० ते ७५ ग्रॅम. आकडा मोठा वाटतो, पण तो घरातल्याच वस्तूंतून भरतो. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून १६, साठ ग्रॅम तूरडाळ किंवा मूगडाळीतून १३, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांतून ७ आणि दिवसभरातल्या दीडशे ग्रॅम पिठाच्या पोळी-भाकरीतून १५, असे ६३ ग्रॅम होतात. पहिल्या आठवड्यात हे होणार नाही, आणि त्यावरून घरात वाद घालू नयेत. तेव्हा दुधात सातूचे पीठ कालवून, वरणात दाण्याचे कूट घालून, कण्या पाण्याऐवजी दुधात शिजवून प्रत्येक घास थोडा भारी करावा. प्रथिनांची महागडी पावडर घेतलीच पाहिजे असे नाही. अंडे पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडलेले असावे, गवळ्याचे दूध उकळल्याशिवाय देऊ नये, आणि दही घरीच उकळलेल्या दुधाचे लावून त्याच दिवशी संपवावे. पेशी फार कमी असतील तर दह्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

सोयाबीनविषयी गावात जे दोन तट आहेत त्यांपैकी खाऊ नये म्हणणाऱ्यांची भीती समजण्यासारखी आहे, कारण त्यात स्त्रीसंप्रेरकासारखा घटक असतो असे सांगितले जाते. परंतु अन्न म्हणून, जेवणातल्या प्रमाणात खाल्लेले सोयाबीन स्तनाच्या कर्करोगात सुरक्षित मानले जाते. टाळायच्या असतात त्या त्याचा अर्क काढून केलेल्या गोळ्या. पोत्यातले कच्चे सोयाबीन मात्र तसेच दळून आणू नये. त्यातील काही घटक प्रथिनांचे पचन अडवतात आणि ते उष्णतेने नष्ट होतात, म्हणून दाणे निवडून, रात्रभर भिजवून, उकळून, कडक वाळवून मग दहा किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळावेत. पोट बिघडलेले असेल त्या दिवसांत हे पीठ वापरू नये. पेरणीसाठी औषध लावून ठेवलेले बियाणे चुकून यात मिसळणार नाही, याची खात्री कृपया स्वतः करावी.

छापील कागदाबद्दल मी माझ्या व्यवसायाच्या वतीने थोडी ओशाळले आहे. ओट्सच्या जागी कण्या किंवा दलिया, ब्रोकोलीच्या जागी फुलकोबी आणि शेवगा, ऑलिव्हच्या जागी तुमचे फल्लीचे (शेंगदाण्याचे) तेल आणि किवीच्या जागी तोंड आलेले नसताना संत्रे किंवा पेरू, असा तो कागद वाचा. त्यात काहीही गमावले जात नाही.

फ्रिज नसला तरी चालते, पण घड्याळ हवे. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा सर्वसाधारण नियम आहे, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दिवसभर एक तासाचाच हिशोब धरावा. म्हणून त्यांच्यापुरते थोडे-थोडे, दिवसातून तीन-चार वेळा शिजवणे हेच खरे. पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसेच ठेवावे, झाकून निववावे आणि माठ रोज घासून त्यात भरावे. गावात येणाऱ्या कॅनच्या पाण्यालाही हाच नियम लावा.

दोन गोष्टी राहिल्या. उलटीच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते. त्यासाठी उकळलेल्या पाण्यात भिजवलेल्या मनुका, कोहळ्याची भाजी आणि भरपूर पाणी द्यावे, आणि तीन दिवस शौचास झाले नाही तर औषध विचारून घ्यावे. आणि घरात थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजताही रुग्णालयाला फोन करून निघायचे.

किराणावाला, मेहकर

मी दुकानदार आहे आणि माझ्या वडिलांच्या आतड्याच्या कर्करोगाची केमो मी स्वतः सांभाळली आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी चार शब्द लिहितो.

आधी एक इशारा, जो तुमच्या औषधाला लागू नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागू असू शकेल. वडिलांना ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचे औषध होते. त्यानंतर काही दिवस थंड वस्तू सहन होत नाही. मे महिन्यात घरी आल्या-आल्या त्यांनी माठातले पाणी घेतले आणि घशात टाचण्या टोचल्यासारखे होऊन ते घाबरून गेले. आम्हाला हे कोणी आधी सांगितले नव्हते. तेव्हापासून उन्हाळाभर डोसनंतरचा आठवडा त्यांनी कोमट पाण्यावर काढला. म्हणून कोणते औषध चालू आहे त्याचे नाव लिहून घ्या आणि त्यात खाण्यापिण्याचे काय पथ्य आहे ते विचारा. सगळी केमो सारखी नसते.

किराण्याबद्दल माझे मत असे, की घराची यादी आणि रुग्णाची यादी वेगळी ठेवावी. घराचे तेल, मीठ, डाळ, तांदूळ नेहमीप्रमाणे महिन्याला भरा, त्यात काही बिघडत नाही. रुग्णाची यादी सायकलच्या एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी करा आणि प्रत्येक वस्तू लहान पुडीतच घ्या. रवा पाव किलो, मूगडाळ अर्धा किलो, टोस्टचा एक पुडा, फुटाणे पाव किलो, दूध पावडरचे लहान पाकीट, ओआरएसच्या सहा पुड्या. मोठे पाकीट स्वस्त पडते हे मी दुकानदार असून नाकारत नाही, परंतु केमोच्या माणसाची जीभ आठवड्यात बदलते आणि परवा आवडलेले बिस्कीट आज नकोसे होते. माझ्या गल्ल्याला जे परवडते ते तुमच्या घराला परवडेलच असे नाही.

ओआरएस म्हणजे पाण्यात कालवायची पुडी. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या डब्यांतून जी गोड पेये विकली जातात ती नव्हेत. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शेंगदाणे घेताना निवडून घ्या. सुरकुतलेला, काळा पडलेला, बुरशीचा वास येणारा दाणा सरळ फेकून द्या, कारण त्या बुरशीचे विष भाजल्यानेही पुरते जात नाही. सुटे पनीर उन्हाळ्यात घेऊच नका. आणि उधारीची लाज बाळगू नका. माझ्या वहीत अशी तीन घरे आहेत आणि कापूस विकला की ती चुकते करतात. तुमचा दुकानदारही माणूसच असेल, त्याला स्पष्ट सांगा.

प्रवासाच्या दिवसासाठी आम्ही दुधात मळलेल्या दशम्या, केळी आणि उकळलेल्या पाण्याची बाटली नेत असू. बसस्थानकावरचे काही घेतले नाही.

कपाशीवाला, आर्वी तालुका (जि. वर्धा)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. तिसरा डोस झाला. आज बारावा दिवस आहे. कॅलेंडरवर लाल आकडे टाकले आणि ते पत्नीनेच टाकले, कारण माझे अक्षर तिला आवडत नाही. केमोच्या दिवशी दशमी नेली होती, तिने अर्धी खाल्ली. पहिले चार दिवस कण्या आणि लिंबूपाणी यांवर गेले. स्वयंपाक गोठ्याशेजारच्या चुलीवर हलवल्यामुळे वासाचा त्रास निम्म्याने कमी झाला, पण आईला धूर फार लागतो, म्हणून आता आठव्या दिवसानंतर आम्ही पुन्हा आत आलो आहोत. प्लॅस्टिकच्या चमच्याचे ऐकून ती आधी हसली, आणि आता तो चमचा दुसऱ्या कोणाला लावू देत नाही.

वजनाबद्दल डॉक्टरांना सांगितले. त्यांनी उलटीचे एक औषध वाढवले. काल सकाळी काट्यावर ४८.३ किलो भरले. मागच्या वेळी याच दिवसांत दोन किलो उतरले होते, त्या मानाने हे मला समाधानकारक वाटते. सोयाबीन चार किलो निवडून, उकळून छतावर वाळत घातले आहे, आणि आई त्याची राखण कावळ्यांपासून कमी आणि शेजारणींच्या सल्ल्यांपासून जास्त करते. परवा हनुमान मंदिरातला महाप्रसाद घरी आला, तेव्हा तिने तो हातात घेऊन कपाळाला लावला आणि आम्हाला दिला. कोणी रागावले नाही.

पालकाची जुडी परवा आर्वीहून येणार आहे. मुलगी कॉलेजातून येताना आणेल.

एक प्रश्न उरतो. चौथ्या डोसनंतर दर आठवड्याचे औषध सुरू होईल. तेव्हा हे २१ आकड्यांचे कॅलेंडर कसे चालवायचे?

निंबोळी, दारव्हा

भाऊ, तेव्हा आकडे सातपर्यंतच लिहायचे. मला त्या औषधाने मळमळ फारच कमी झाली आणि खाणे बरेच सुधारले. पण प्रत्येकीचे शरीर वेगळे, म्हणून पहिले दोन आठवडे वजन पाहत राहा. पेशी कमी होण्याची भीती तेव्हाही असते, त्यामुळे उकळलेले पाणी, ताजे रांधणे आणि थर्मामीटर चालूच ठेवा. हातापायांची बोटे बधिर होऊ लागली तर डॉक्टरांना लगेच सांगा, आणि विळी व तापलेला तवा वहिनींच्या हाती देऊ नका. मला एकदा तव्याचा चटका बसलेला कळलाच नव्हता.

डोस बुधवारीच राहिला तर शनिवार चौथा दिवस येतो. त्या औषधात चौथ्या दिवशी मला दोन वेळचे जेवण व्यवस्थित जात असे, त्यामुळे तुमचा शनिवारचा बाजार पूर्वीसारखा करता येईल. पालक मात्र एकच जुडी आणा.